गोव्याच्या हवेत गेमिंग आणि स्ट्रीमिंगचा संगणक: सुटे भाग कसे निवडावेत

मांद्र्याला राहणाऱ्या माझ्या भाच्याने गेल्या उन्हाळ्यात सुट्या भागांची एक यादी माझ्यापुढे ठेवली. एकूण खर्च ९० हजार रुपयांचा होता. त्यातले पस्तीस हजार एकट्या प्रोसेसरवर लावलेले होते आणि एसएमपीएससाठी, म्हणजे संगणकाला वीज पुरवणाऱ्या डब्यासाठी, जेमतेम अडीच हजार उरले होते. "मामा, गेम आणि स्ट्रीम एकाच वेळी चालवायचं म्हणजे प्रोसेसर मोठाच हवा ना?" असे त्याने विचारले. हा समज पुष्कळांचा असतो आणि मध्यम खर्चाचा संगणक बिघडतो तो बहुतेकदा याच समजामुळे, म्हणून निवडीची सुरुवात इथूनच केलेली बरी.

एके काळी हा समज खराच होता. गेमचे चित्र दाबून, म्हणजे एन्कोड करून, इंटरनेटवर पाठवण्याचे काम तेव्हा प्रोसेसरच करत असे. गेम आणि एन्कोडिंग यांची ओढाताण टाळण्यासाठी हौशी मंडळी दोन वेगळे संगणकही ठेवत. आता ते काम ग्राफिक्स कार्डावरील स्वतंत्र सर्किट करते. एनव्हिडियाच्या कार्डांवर त्याला एनव्हेंक म्हणतात आणि २०१८ मध्ये आलेल्या आरटीएक्स २० मालिकेपासून त्याचे चित्र इतके सुधारले आहे, की घरगुती स्ट्रीमसाठी प्रोसेसरला या कामाला जुंपण्याचे कारण उरलेले नाही. म्हणून मोठ्या प्रोसेसरसाठी राखलेले पैसे मोकळे करावेत आणि ते ग्राफिक्स कार्ड, वीजपुरवठा आणि माइक या तीन ठिकाणी लावावेत. गोव्यात तर त्यातल्या वीजपुरवठ्याचा विचार सर्वांत आधी करावा लागतो.

पहिला निर्णय मात्र पडद्याचा घ्यावा, कारण कार्ड त्यावरून ठरते. १०८० पिक्सेलचा, १४४ किंवा १६५ हर्ट्झचा (म्हणजे सेकंदाला तितकी चित्रे दाखवणारा) आयपीएस पॅनेलचा मॉनिटर पुरेसा असेल, तर आरटीएक्स ५०६० हे ८ जीबीचे कार्ड व्हॅलोरंट, ईए एफसी किंवा जीटीए ५ यांसारखे खेळ सहज पेलते. १४४० पिक्सेलचा पडदा हवा असेल, किंवा पुढची चार वर्षे कार्ड बदलायचे नसेल, तर १६ जीबी मेमरीचे कार्ड घ्यावे. नवे मोठे खेळ ८ जीबी भरून टाकतात आणि त्यातच ओबीएस या स्ट्रीमिंगच्या सॉफ्टवेअरलाही थोडी जागा लागते. एएमडीचे रेडिऑन आरएक्स ९०६० एक्सटी आणि एनव्हिडियाचे आरटीएक्स ५०६० टीआय ही दोन्ही कार्डे ८ आणि १६ जीबी अशा दोन रूपांत मिळतात, म्हणून नाव पाहून थांबू नये, खोक्यावरचा आकडा वाचावा. ट्विच या थेट प्रक्षेपणाच्या संकेतस्थळावर स्ट्रीम करायचे असेल तर माझा कल एनव्हिडियाकडे आहे. तिथे साधारण ६००० केबीपीएस एवढाच बिटरेट, म्हणजे सेकंदाला पाठवता येणारी माहिती, मिळतो आणि इतक्या तुटपुंज्या जागेत एच.२६४ या जुन्या एन्कोडिंग पद्धतीचे चित्र एनव्हेंक अधिक स्वच्छ ठेवते. यूट्यूब एव्ही१ ही नवी पद्धतही स्वीकारते. तिथे रेडिऑनची उणीव फारशी जाणवत नाही आणि वाचलेल्या पैशांत १६ जीबी पदरात पडतात.

प्रोसेसरसाठी सहा कोअर आणि बारा थ्रेड पुरतात. मी एएमडीचा रायझन ५ ७६०० सुचवतो. त्याचा धाकटा भाऊ ७५००एफ थोडा स्वस्त मिळतो आणि खेळात दोघांमध्ये डोळ्यांना दिसेल असा फरक नाही, पण ७५००एफमध्ये अंगचे ग्राफिक्स नाही. ग्राफिक्स कार्ड बिघडले, तर ते बहुधा कुरिअरने राज्याबाहेरच्या सेवा केंद्रात जाते आणि परत यायला आठवडे लागतात. ७६०० असेल तर त्या काळात मॉनिटरची केबल मदरबोर्डाला जोडून अभ्यास, ऑफिसची कामे आणि जुन्या व्हिडिओंचे साधे संपादन चालू ठेवता येते. इंटेलकडे वळायचे असल्यास नावापुढे एफ नसलेला आय५ घ्यावा. त्यातील क्विक सिंक हेही एन्कोडिंग करणारे स्वतंत्र सर्किट आहे आणि एफ मॉडेलमध्ये ते नसते.

मदरबोर्डावर फार विचार करण्याची गरज नाही. बी६५० चिपसेटचा, व्हीआरएमवर, म्हणजे प्रोसेसरला वीज पुरवणाऱ्या भागावर, हीटसिंक असलेला आणि प्रोसेसर न लावताही बायोस (बोर्डाचे मूळ सॉफ्टवेअर) बदलण्याची सोय असलेला कोणताही एम-एटीएक्स, म्हणजे लहान आकाराचा, बोर्ड चालेल. एएमडीने या बोर्डावरच्या एएम५ सॉकेटला, म्हणजे प्रोसेसर बसवण्याच्या खाचेला, किमान २०२७ पर्यंत साथ देण्याचे जाहीर केलेले असल्याने पुढे केवळ प्रोसेसर बदलण्याची वाट मोकळी राहते. रॅम १६ जीबीच्या दोन पट्ट्या अशी एकदमच घ्यावी, डीडीआर५ ६००० वेगाची. "आता दोन, पुढच्या वर्षी आणखी दोन" हा बेत एएम५ वर फसतो, कारण चार पट्ट्या लावल्या की वेग बराच खाली आणावा लागतो. पट्ट्या दुसऱ्या आणि चौथ्या खाचेत बसवाव्यात आणि बायोसमध्ये जाऊन एक्स्पो हे रॅमला पूर्ण वेग देणारे सेटिंग सुरू करावे. ते राहून गेले तर विकत घेतलेला वेग मिळत नाही, आणि हे राहून गेलेले संगणक मी बरेच पाहिले आहेत.

साठवणीसाठी १ टीबीची जेन ४ एनव्हीएमई एसएसडी घ्यावी. मात्र स्ट्रीमबरोबर चांगल्या प्रतीचे रेकॉर्डिंगही ठेवायचे असेल तर हिशेब करून पाहावा. ५० एमबीपीएसने केलेले रेकॉर्डिंग ताशी सुमारे २२.५ जीबी जागा खाते. रोज दोन तास असे वीस दिवस केले तर ९०० जीबी होतात. त्यासाठी एक साधी हार्ड डिस्क वेगळी लावणे स्वस्त पडते.

आता विजेविषयी, आणि इथे मला सविस्तर लिहायचे आहे. माझ्या पहिल्या संगणकाचा एसएमपीएस मी स्वस्तातला घेतला होता. जूनच्या पहिल्या आठवड्यात, पावसाने नुकताच जोर धरला असताना, वीज तीनदा आली-गेली. तिसऱ्यांदा आली तेव्हा कॅबिनेटमधून एक बारीक आवाज झाला आणि जळक्या प्लॅस्टिकचा वास खोलीभर पसरला. एसएमपीएस गेला तो गेलाच, जाताना मदरबोर्डही घेऊन गेला. त्या दिवसापासून कोणाच्याही यादीत मी आधी ही ओळ पाहतो.

लागणाऱ्या विजेचा हिशेब कागदावर मांडावा. आरटीएक्स ५०६० कमाल १४५ वॉट घेते आणि रायझन ५ ७६०० पूर्ण ताणात ८८ वॉट घेतो. बोर्ड, रॅम, एसएसडी आणि पंखे यांचे मिळून ५० वॉट धरले की बेरीज २८३ होते. एसएमपीएस ८५ टक्के कार्यक्षम असेल तर भिंतीतून सुमारे ३३३ वॉट ओढले जातात. त्यात मॉनिटरचे ३० मिळवले म्हणजे ३६३. दुकानात सर्रास पुढे केला जाणारा ६०० व्हीएचा यूपीएस बहुधा ३६० वॉटच देतो. म्हणजे खेळ ऐन रंगात असताना वीज गेली, तर तो ओझ्याने तत्क्षणी बंद पडण्याचा धोका आहे. म्हणून १००० व्हीए आणि ६०० वॉटचा यूपीएस घ्यावा. राउटर आणि फायबरचा डबाही त्याच यूपीएसवर ठेवावा, नाहीतर संगणक चालू राहील आणि स्ट्रीम मात्र तुटेल.

एसएमपीएस ६५० वॉटचा, चांगल्या नावाचा आणि किमान पाच वर्षांची वॉरंटी असलेला घ्यावा. ग्राफिक्स कार्ड क्षणभरासाठी आपल्या आकड्याहून बरीच जास्त वीज ओढते, त्यासाठी ही मोकळीक लागते. खोक्यावरचे ८० प्लस ब्राँझ किंवा गोल्ड हे चिन्ह फक्त कार्यक्षमता सांगते, आतले संरक्षण किंवा सुट्या भागांचा दर्जा सांगत नाही. त्यामुळे त्या एका मॉडेलची नीट केलेली चाचणी वाचल्याशिवाय पैसे देऊ नयेत.

घरी इन्व्हर्टर आहे म्हणून यूपीएस टाळणारेही पुष्कळ आहेत. एटीएक्स एसएमपीएस वीज खंडित झाल्यावर साधारण १६ मिलिसेकंद तग धरतो. इन्व्हर्टर यूपीएस मोडवर असेल तर तो त्याआधी बॅटरीवर येऊ शकतो, पण साध्या मोडवर त्याला याहून जास्त वेळ लागतो आणि संगणक पुन्हा सुरू होतो. शिवाय इन्व्हर्टर प्युअर साइनवेव्ह, म्हणजे गुळगुळीत लहरींचा, असलाच पाहिजे, चौकोनी लहरींचा चालणार नाही. जुन्या घरांत अर्थिंगही एकदा इलेक्ट्रिशियनकडून तपासून घ्यावे. कॅबिनेटच्या पत्र्याला हात लावल्यावर मुंग्या येत असतील, तर नवे भाग जोडण्याआधी ते काम उरकावे. मे-जूनमध्ये आणि ऑक्टोबरात विजा कडाडू लागल्या की प्लग सरळ भिंतीतून काढावा, कारण जवळ पडलेल्या विजेपुढे कोणत्याही यूपीएसचा भरवसा देता येत नाही.

कॅबिनेट जाळीच्या दर्शनी भागाचे असावे. समोरून हवा आत घेणारे दोन आणि मागून बाहेर फेकणारा एक असे १२० मिलिमीटरचे तीन पंखे पुरतात. आत येणारी हवा बाहेर जाणाऱ्या हवेहून थोडी जास्त राहिली, की धूळ फटींतून न शिरता फिल्टरवर अडते आणि फिल्टर धुता येतो. डिचोली-साखळीकडची तांबडी धूळ ज्यांनी पंख्याच्या पात्यांवर पाहिली आहे, त्यांना फिल्टरचे महत्त्व वेगळे सांगायला नको. किनाऱ्यालगतच्या घरांत खारा वारा धातूच्या टोकांना गंज चढवतो. तिथे संगणक खिडकीसमोर ठेवू नये, जमिनीवरही ठेवू नये, आणि पावसाळ्यात वापर नसला तरी रोज अर्धा-एक तास चालू ठेवावा. आतल्या उबेने ओल टिकत नाही. महिनाभर बंद राहून चतुर्थीला उघडलेल्या यंत्रापेक्षा रोज चालणारे यंत्र इथे जास्त टिकते, असा माझा अनुभव आहे.

माइकच्या बाबतीत भाच्याने परदेशी स्ट्रीमरांकडे पाहून कंडेन्सर निवडला होता. त्याच्या खोलीवर मंगळुरी कौले आहेत. जुलैमध्ये मी तिथे बसून हेडफोन लावला तेव्हा त्याच्या आवाजामागे कौलांवरचा पाऊस, शेजारच्या माडावरून पडलेली झावळ आणि छताचा पंखा असे सगळे ऐकू आले. कंडेन्सर खोलीभरचा आवाज गोळा करतो. डायनॅमिक माइक तोंडाजवळ, चार बोटांच्या अंतरावर धरला की तो प्रामुख्याने बोलणाऱ्याचाच आवाज घेतो. यूएसबीवर चालणारा डायनॅमिक माइक घ्यावा, स्टँडसकट घ्यावा, आणि काम झाल्यावर सिलिका जेलच्या पुडीसह झाकणाच्या डब्यात ठेवावा. वेबकॅम साधा १०८० पिक्सेलचा चालतो. त्यावर जास्त खर्च करण्यापेक्षा चेहऱ्यासमोर एक मऊ दिवा लावावा.

इंटरनेटसाठी अपलोड वेग किमान १० एमबीपीएस असावा, म्हणजे ६ एमबीपीएसच्या स्ट्रीमला थोडी मोकळीक राहते. चिऱ्याच्या जाड भिंतींतून वाय-फाय क्षीण होते, म्हणून राउटरपासून लॅन केबलच ओढावी. ओबीएसमध्ये सीबीआर (स्थिर बिटरेट) ६००० आणि कीफ्रेमचे, म्हणजे पूर्ण चित्र पाठवणाऱ्या फ्रेमचे, अंतर २ सेकंद ठेवावे. खेळाची फ्रेम संख्या मोकळी सोडू नये. कार्ड शंभर टक्के खेळातच गुंतले तर ओबीएसला चित्र रचायला जागा उरत नाही आणि खेळणाऱ्याला सुरळीत दिसणारा खेळ पाहणाऱ्याला अडखळत दिसतो. १४४ हर्ट्झच्या पडद्यावर १२० फ्रेमची मर्यादा घातली की ही तक्रार बहुधा मिटते.

खरेदी करताना पणजी, म्हापसा आणि मडगाव येथील दुकानांत आधी विचारणा करावी. मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवर काही भाग स्वस्त मिळतात आणि निवडही मोठी असते. तरी एसएमपीएस, यूपीएस आणि मॉनिटर जवळच घ्यावेत, कारण जड वस्तू वॉरंटीसाठी परत पाठवण्यात वाचलेले पैसे निघून जातात. किमतीत १८ टक्के जीएसटी धरलेला आहे का, हे आधीच विचारावे आणि अनुक्रमांक छापलेले बिल आपल्या नावावर घ्यावे. कुरिअरने आलेला खोका उघडताना पट्टी कापण्यापासून चित्रीकरण करावे. मदरबोर्ड हातात आला की सॉकेटवरचे झाकण काढून उजेडात तिरका धरावा आणि पिनांच्या रांगा नजरेखालून घालाव्यात. एखादी पिन वाकलेली असेल तर तिथल्या प्रकाशाची रेघ तुटलेली दिसते. प्रोसेसर बसवल्यानंतर ती तक्रार कोणी ऐकून घेत नाही.