अडखळणं मोजू नका, बदललेले शब्द मोजा

वेखंड उगाळून जिभेला लावून झालं, अक्कलकारा मधातून चाटून झाला, तोंडात खडे धरून मोठ्याने वाचूनही झालं. इथवर आलेल्याला तोतरेपणा म्हणजे काय ते सांगायला नको. तेव्हा बहुतेक जण जिथे फसतात तिथूनच सुरुवात करू.

"मी तोतरेपणा स्वीकारला," असं माणूस ठरवतो आणि दुसऱ्या दिवसापासून आपण कमी अडखळतोय का ते तपासू लागतो. म्हणजे स्वीकार हासुद्धा वेखंडासारखा एक उपायच झाला! सुरुवातीला जीभ खरोखर मोकळी झाल्यासारखी वाटू शकते, कारण लपवण्याचा ताण उतरलेला असतो. मग एखाद्या मीटिंगमध्ये स्वतःच्याच नावावर गाडी अडते आणि वाटतं, हेही फुकट गेलं. स्वीकार झालाच नव्हता हो. 'अडखळणार नसेन तर स्वीकारतो' असा तो सौदा होता.

म्हणून मोजायची गोष्टच बदला. साताऱ्याहून येताना 'पुणे'चा प अडेल म्हणून कंडक्टरकडे 'स्वारगेट' मागणं. पोहे खायचे असताना उपमा मागवणं. फोन वाजला की भावाच्या हातात देणं. यात अडखळणं कुणाला ऐकूच येत नाही. उलट लोक म्हणतात, "तू कुठे तोतरा बोलतोस?" ही शाबासकी घातक आहे, कारण ती लपवण्याला मिळालेली असते. जोसेफ शीहान या अमेरिकन मानसशास्त्रज्ञाने तोतरेपणाला हिमनगाची उपमा दिली होती: ऐकू येतं ते वरचं टोक, पाण्याखाली लाज, भीती आणि टाळाटाळ. तो स्वतः अडखळत बोलायचा, त्यामुळे त्याचं म्हणणं वरवरचं नाही.

एक वही करा, रकाने तीन: टाळलेला शब्द, त्याऐवजी बोललेला शब्द, समोर कोण होतं. सात दिवस फक्त नोंद करायची, सुधारणा काही करायची नाही. पहिले दोन दिवस पान कोरं राहिलं तर फुशारू नका. शब्द बदलणं इतकं अंगवळणी पडलेलं असतं की ते लक्षातच येत नाही. नंतर आकडा वाढत गेला की घाबरायचं कारण नाही. टाळाटाळ वाढलेली नसते, तुमची नजर तयार होत असते. दुसऱ्या आठवड्यात यादीतला सगळ्यात सोपा शब्द दिवसाला एक घ्या आणि कितीही वेळ लागो, तोच बोला.

अडखळण्याची भीती कमी व्हावी म्हणून मुद्दाम अडखळण्याचा सराव त्यानंतर. दुकानदाराच्या डोळ्यांत बघून "सा-सा-साबण आहे का?" असं सावकाश विचारायचं. पाच दुकानं पुरेत. सुरुवात भीतीच्या अक्षरापासून केलीत तर मुद्दामचं अडखळणं खरं होतं, तोंड आवळतं आणि माणूस पुन्हा त्या वाटेला जात नाही. म्हणून आधी सोपं अक्षर. खाली मान घालून घाईने उरकलंत तर तो सराव नव्हे, पुन्हा लपवणंच.

खरोखर अडलात तर चार्ल्स व्हॅन रायपर या अमेरिकन वाचा-उपचारतज्ज्ञाची रीत बघा: अडलेला शब्द तसाच पूर्ण करा, तीनेक सेकंद थांबा, कुठे आवळलं होतं ते चाचपा (ओठ, जीभ की घसा), मग तोच शब्द सैल तोंडाने पुन्हा बोला. इथे लोक थांबायचं विसरतात आणि दुसऱ्यांदा फक्त 'नीट' बोलून दाखवतात. सगळं काम त्या तीन सेकंदांत असतं.

मुलाखतीत पहिल्या अर्ध्या मिनिटातच सांगून टाका: "मी बोलताना अडखळतो, जरा वेळ लागेल, पण वाक्य मीच पूर्ण करेन." पुढे 'सॉरी' जोडू नका.

'एकवीस दिवसांत कायमचा इलाज' विकणाऱ्यांपासून लांब राहा. एकेक अक्षर लांबवून किंवा तालावर बोललं की वर्गात बहुतेक जण सुरळीत बोलतात. ती चाल फोनवर, साहेबासमोर टिकत नाही आणि दोष मात्र तुमच्या सरावावर येतो. आपलं स्पष्ट मत असं की जो गुरू तुमच्यासमोर कधीच अडखळत नाही आणि त्याचाच तोरा मिरवतो, तो या कामाचा नाही. स्पीच थेरपिस्ट मात्र जरूर गाठा. आरसीआयची (भारतीय पुनर्वास परिषदेची) नोंदणी आहे का ते विचारा, आणि दवाखान्याबाहेरचा सराव कसा करून घेतात तेही.

वाईट आठवडे येणारच. झोप कमी झाली, घरात लग्नकार्य निघालं की जुनी टाळाटाळ परत डोकं वर काढते. वही पुन्हा उघडा, बस्स. मागचं सगळं पुसलं गेलेलं नसतं.

फोनचं तेवढं वेगळं. तुम्ही 'हॅलो'वर अडलात की पलीकडे नुसती शांतता ऐकू येते आणि माणूस फोन ठेवतो. त्याला लाइन तुटल्यासारखी वाटते. लगेच परत लावा, आणि 'हॅलो'ला दुसरा शब्द शोधू नका.