टेबलावर मांडा ब्रँडी स्टेशनची लढाई

अमेरिकी यादवीतली ही घोडदळाची सर्वांत मोठी झुंज, ९ जून १८६३. आधी फ्लीटवूड टेकडी करा, बाकी सगळं तिच्याभोवतीच फिरतं. थर्माकोल सीताबर्डीतून आणला, वर कागदाचा लगदा थापला. नागपूरच्या मे महिन्यात लगदा झपाट्यानं वाळतो अन् तडकतोही, म्हणून ओलं फडकं झाकून ठेवा. माझी पहिली टेकडी तशीच गेली.

मग रॅपहॅनॉक नदी. बेव्हर्ली उतारावरून (उतार म्हणजे नदी ओलांडायची उथळ जागा) उत्तरेच्या फौजेचा ब्युफर्ड, खालच्या केली उतारावरून त्याच फौजेचा ग्रेग. दक्षिणेच्या स्टुअर्टचे स्वार ब्युफर्डकडे धावले, इकडे ग्रेग पाठीमागून टेकडीपाशी. तेव्हा वर तोफ होती एकच! नातवानं चार मांडल्या होत्या. तीन उचलायला लावल्या, तर रुसला.

दोन्हीकडची माणसं सुमारे २०,०००. खेळण्यातल्या एका घोड्यामागे २०० माणसं धरा, शंभर घोड्यांत भागतं.