कोरड्या चेहऱ्यासाठी कोरफडीचं घरगुती जेल

गोव्याच्या दमट हवेत चेहरा कोरडा कसा पडेल, असं बाहेरचे विचारतात. त्यांनी जानेवारीतल्या पहाटे वाळपईला येऊन बघावं. घाटाकडून कोरडा गार वारा सुटतो आणि तोंड धुतलं की गाल नुसते ओढल्यासारखे होतात. वर दिवसभर पणजीत एसीखाली बसायचं.

परसातल्या कोरफडीचं बाहेरच्या बाजूचं जाड पान बुडाशी कापा आणि कापलेली कड खाली करून पेल्यात 15-20 मिनिटं उभं ठेवा. बरेच जण इथेच घाई करतात. सालीलगत पिवळा, कडू चीक असतो. त्यातल्या अ‍ॅलोइनने चेहऱ्याला खाज सुटू शकते, मग दोष कोरफडीला. चीक निथळला की पान धुवा, काटेरी कडा काढा, साल जराशी जाडच सोला आणि गर पुन्हा धुऊन घ्या.

4 चमचे गर मिक्सरला दोन-तीन झटक्यांत फिरवून गाळा. फेस बसला की त्यात अर्धा चमचा ग्लिसरीन आणि चमचाभर गुलाबपाणी ढवळा. ग्लिसरीन पाणी धरून ठेवतं, पण जास्त घातलंत तर चेहरा चिकट. लिंबू मुळीच नको, कोरड्या त्वचेला ते झोंबतं.

खोबरेल? घाण्याचं घरात असतंच, पण जेलमध्ये मिसळू नका. पाणी आणि तेल कितीही घोटलं तरी थोड्या वेळाने वेगळं होतं. त्यापेक्षा तोंड धुऊन, ओलसर असतानाच जेल लावा आणि वरून तेलाचे दोन थेंब तळहातावर चोळून गालांवर दाबा. आतलं पाणी उडत नाही. मुरमं येत असतील तर मात्र तेल वगळा.

पहिल्यांदा कोपराच्या आतल्या बाजूला लावून एक दिवस थांबा. लाल झालं तर विषय संपला. चिरलेल्या, चिघळलेल्या त्वचेवर हे लावू नका, तिथे डॉक्टरच.

काचेची बाटली उकळत्या पाण्यातून काढून कोरडी करा, तिच्यात जेल भरून फ्रीजमध्ये ठेवा आणि कोरड्या चमच्यानेच काढा. यात टिकवण्याचं काही घातलेलं नसतं, त्यामुळे फार तर 5 दिवस. रंग बदलला किंवा आंबूस वास आला तर त्याआधीच फेका. पान काय, परसात दुसरं आहेच.