ऑर्थोचा वॉर्ड मिळाला म्हणून नाराज होऊ नका

एमएसडब्ल्यूच्या (समाजकार्यातल्या पदव्युत्तर शिक्षणाच्या) फील्डवर्कला ठाण्यातलं सरकारी रुग्णालय आणि त्यात ऑर्थोचा, म्हणजे हाडांच्या रुग्णांचा वॉर्ड वाट्याला आला की बहुतेकांचे चेहरे पडतात. सगळ्यांना मानसोपचार हवा असतो. पण शस्त्रक्रिया कुणाला वेळेत मिळते आणि कुणाला नाही, हे इथे जितकं उघड दिसतं तितकं क्वचितच कुठे दिसेल.

खुब्याचं हाड मोडलेली म्हातारी घ्या. ऑपरेशन एक-दोन दिवसांत व्हायला हवं, नाहीतर बेडसोअर, न्यूमोनिया, पायात गुठळ्या. शहापूर-मुरबाडच्या पाड्यावरची आजी मात्र आधी हाडवैद्याकडे जाऊन आलेली असते. तो जवळ असतो, पैशांसाठी थांबतो. इथे आल्यावर कळतं, रेशनकार्ड गावाला राहिलंय. आधारवर सखूबाई, कार्डावर सखुबाय. मोफत उपचारांच्या महात्मा फुले योजनेची मंजुरी अडते आणि आजी पायाला ट्रॅक्शन (वजनाचा ताण) लावून पडून. म्हणून पहिल्याच दिवशी दोन्ही कागद शेजारी ठेवून नाव, वय ताडून पाहा. फरक दिसला की तडक आरोग्यमित्राला, म्हणजे रुग्णालयातल्या योजनेच्या माणसाला गाठा. उत्पन्नाचा दाखला नसेल तर तहसील कार्यालयात त्याचाही अर्ज करायला लावा. धर्मादाय रुग्णालयांत 10 टक्के खाटा निर्धनांसाठी मोफत आणि 10 टक्के दुर्बल घटकांसाठी सवलतीत असतात, तिथे तो लागतो.

आता जरा लांबची गोष्ट. अमेरिकेत 65 वर्षांवरच्यांना मेडिकेअरचा सरकारी विमा असतो. तरीही 2003 च्या एका अभ्यासात, त्याच विम्यातल्या कृष्णवर्णीय पुरुषांमध्ये गुडघा बदलण्याचं प्रमाण गोऱ्या पुरुषांच्या निम्म्याहूनही कमी निघालं. म्हणजे नुसत्या कार्डाने भागत नाही. आपल्याकडेही 2017 मध्ये गुडघ्याच्या इम्प्लांटच्या किमतींवर मर्यादा आली, चांगलंच झालं. पण रोजच्या मजुरीसाठी नाक्यावर उभं राहणाऱ्या मुलाचा आईजवळ बसून होणारा खाडा कोण भरून देणार?

त्यामुळे ‘कार्ड आहे का?’ याच्या जोडीला ‘सोबत कोण राहणार, घरी संडास कुठे आहे, वॉकर जिन्यावरून जाईल का?’ हेही विचारा. उत्तरं केसपेपरवर लिहा, डॉक्टर वाचतात. (सगळे नाही.)

आणि ‘स्वतःच्या जबाबदारीवर जातो’ अशी सही करून ऑपरेशनआधीच घरी गेलेल्यांची वेगळी वही ठेवा. ते ओटीच्या (ऑपरेशन थिएटरच्या) यादीत कुठेच सापडत नाहीत. फोन नंबर बहुतेकदा शेजाऱ्याचा असतो, तेव्हा एकावर थांबू नका, गावातल्या आरोग्यसेविका आशाताईंचाही घ्या.