सेन्सेक्स २४० अंशांनी वाढतो तो कसा? गणित करून पाहा

सेन्सेक्स हा मुंबई शेअर बाजारातल्या (बीएसई) ३० मोठ्या कंपन्यांचा निर्देशांक. १९७८-७९ हे पायाभूत वर्ष धरून तेव्हाची पातळी १०० मानली आहे. तो कसा हलतो, हे एकदा कागदावर मांडलं की कायमचं कळतं.

१. आधी एका कंपनीचं मुक्त बाजारमूल्य काढा. समजा, एकूण शेअर १०० कोटी, भाव ५०० रुपये आणि प्रवर्तकांकडे, म्हणजे कंपनीचा ताबा असलेल्या मूळ मालकांकडे, ६० टक्के. प्रवर्तकांचे शेअर रोजच्या खरेदी-विक्रीत येत नाहीत, म्हणून ते वगळायचे. उरले ४० कोटी × ५०० = २०,००० कोटी रुपये. ही पद्धत सप्टेंबर २००३ पासून लागू आहे. प्रवर्तकांचा वाटा बीएसईच्या संकेतस्थळावर कंपनीच्या पानावर, ‘शेअरहोल्डिंग पॅटर्न’मध्ये दर तिमाहीला मिळतो.

२. तिसांचीही अशी बेरीज करा. त्या बेरजेत कंपनीचा जितका वाटा, तितकं तिचं वेटेज.

३. आता परिणाम काढा. सेन्सेक्स ८०,००० वर आहे, वेटेज १० टक्के असलेला शेअर ३ टक्के वाढला आणि बाकीचे जागेवरच राहिले, तर निर्देशांक ०.३ टक्के, म्हणजे २४० अंश वर जातो. वेटेज १ टक्का असेल तर फक्त २४ अंश. म्हणूनच पडझडीच्या दिवशीही दोन-तीन बड्या कंपन्या सेन्सेक्स हिरवा ठेवू शकतात.

इथे हमखास चूक होते ती भाव पाहून. १२,००० रुपयांचा शेअर ८०० रुपयांच्या शेअरपेक्षा निर्देशांक जास्त हलवेलच असं नाही. अमेरिकेच्या डाऊ जोन्समध्ये भावावर वजन ठरतं, सेन्सेक्समध्ये नाही. एकास एक बोनस (प्रत्येक शेअरमागे एक मोफत शेअर) दिला की भाव साधारण निम्मा होतो आणि शेअर दुप्पट, त्यामुळे निर्देशांकाला धक्का बसत नाही. तिसांतली एखादी कंपनी बदलली की पायाभूत मूल्यही (ज्याच्याशी आजच्या बेरजेची तुलना होते ते) त्या प्रमाणात जुळवून घेतात.

अंशांपेक्षा टक्के पाहा. २८ एप्रिल १९९२ ला सेन्सेक्स ५७० अंशांनी कोसळला, तेव्हा ती घसरण जवळपास १३ टक्क्यांची होती. ८०,००० वर तेवढेच अंश म्हणजे जेमतेम ०.७ टक्के.

आणखी एक, लाभांश. तो नेहमीच्या सेन्सेक्समध्ये धरलेला नसतो. आपल्या म्युच्युअल फंडाची तुलना करायची असेल तर लाभांशही धरणाऱ्या ‘टोटल रिटर्न इंडेक्स’शीच करा, नाहीतर फंड आहे त्यापेक्षा सरस दिसतो. शेअर बाजाराची नियामक संस्था सेबीने फेब्रुवारी २०१८ पासून फंडांनाही हीच तुलना बंधनकारक केली आहे.