लढाईत गेलेल्या घरातल्या पोराचं नाव कसं शोधायचं

सातारा, रत्नागिरी, रायगडकडच्या बऱ्याच घरांत एक जण असा असतो की त्याच्याबद्दल एवढंच माहीत असतं, "तो लढाईत गेला". कुठल्या लढाईत, कुठे, वय काय, कुणालाच सांगता येत नाही. पहिल्या किंवा दुसऱ्या महायुद्धात गेला असेल तर शोधणं वाटतं तेवढं अवघड नाहीये.

नेटवर जायच्या आधी घरातल्या म्हाताऱ्या बायकांना विचारा. पेन्शन कुणाच्या नावावर यायची, पलटण कुठली, मागे बायको होती का, मुलं होती का. पेटी उघडायला लावा. पहिल्या महायुद्धाचं मेडल निघालं तर त्याच्या कडेवर बारीक अक्षरात नंबर, नाव आणि पलटण कोरलेली असते, भिंग घेऊन उन्हात धरा म्हणजे दिसेल. आणि प्लीज ब्रासो लावून घासू नका, अक्षरं झिजतात, मग चकचकीत मेडल राहतं आणि माणूस गायब. कधीकधी तळहाताहून मोठी जड ब्राँझची चकती सापडते, त्यावर नुसतं नाव असतं, हुद्दा नाही. ती पहिल्या महायुद्धात मेलेल्यांच्या घरी पाठवायचे, त्यामुळे मोडीत देऊ नका.

मग कॉमनवेल्थ वॉर ग्रेव्ह्ज कमिशनची (महायुद्धांत मेलेल्यांच्या कबरी आणि स्मारकं सांभाळणारी संस्था) साइट, तिथे दोन्ही युद्धांतल्या मृतांचं रजिस्टर फुकट बघता येतं. गंमत अशी की आपल्या लोकांची आडनावं बरेचदा नसतातच, नुसतं रामचंद्र नाहीतर गणपत, आणि स्पेलिंग त्या वेळच्या क्लार्कच्या मर्जीवर. म्हणून नावाने नाही सापडला तर गावाच्या नावाने शोधा, बऱ्याच नोंदींत बापाचं नाव, गाव, तालुका असतो. जिल्हा मात्र जुना टाकायचा, रायगड नाही कुलाबा, सिंधुदुर्ग नाही रत्नागिरी, सांगलीकडची बरीच गावं तेव्हा साताऱ्यात होती. आणि मराठाचं स्पेलिंग तेव्हा मधे एच घालून, Mahratta असं करायचे हे लक्षात ठेवा.

उदाहरण म्हणून यशवंत घाडगे बघा. माणगाव तालुक्यातल्या पळसगावचे, पाचव्या मराठा लाइट इन्फंट्रीत नाईक या हुद्द्यावर. १० जुलै १९४४ ला इटलीत टायबर नदीच्या वरच्या खोऱ्यात त्यांच्या सेक्शनचे, म्हणजे छोट्या तुकडीचे, बाकी सगळे पडले किंवा जखमी झाले, तरी हे एकटे मशीनगनच्या मोर्च्यावर धावून गेले, मोर्चा घेतला आणि मग स्नायपरच्या गोळ्यांनी गेले. वय २२. व्हिक्टोरिया क्रॉस, म्हणजे ब्रिटिशांचं शौर्याचं सगळ्यात मोठं पदक मिळालं, पण कबर सापडली नाही, नाव इटलीतल्याच कसिनो मेमोरियलवर आहे. इटलीतल्या मोंतोने गावाने २०२३ मध्ये त्यांच्या नावाने सनडायल (सूर्यघड्याळ) उभारलं, म्हणजे तिकडच्यांना आठवण आहे, आपल्याकडे माणगावच्या पुतळ्यापलीकडे किती जणांना नाव माहितीये देव जाणे.

इराकमध्ये गेलेल्यांचं जरा दुःखदायक आहे. बसरा मेमोरियलवर साध्या हिंदी शिपायांची नावं दगडावर कोरलीच नव्हती, नुसते आकडे, नावं रजिस्टरात. त्यामुळे तिथला फोटो मागवून नाव शोधत बसू नका. १९४७ नंतरचा जवान असेल तर दिल्लीचं नॅशनल वॉर मेमोरियल बघा, तिथे त्याग चक्राच्या भिंतींवर नावं आहेत आणि त्यांच्या साइटवरही शोधता येतात.

नाव आणि तारीख मिळाली की गावात आठवण ठेवणं सोपं. गावात "या गावातून इतके लोक महायुद्धास गेले" असा जुना दगड असेल तर साधं पाणी आणि मऊ ब्रश, बास. ॲसिड नको, तारेचा ब्रश नको, ऑइलपेंट तर अजिबात नको. त्या दगडावर बहुतेक फक्त आकडा असतो, म्हणून शेजारी नावांची वेगळी पाटी लावा, ग्रामसभेत ठराव घेऊन, म्हणजे पुढे भांडण नको.

तो गेला त्या तारखेला शाळेत पोरांसमोर नाव, वय, गाव, कुठे पडला एवढं मोठ्याने वाचा. मला विचाराल तर पुढाऱ्यांच्या फोटोंचा फ्लेक्स आणि डीजे टाळाच. त्यापेक्षा आजी जे सांगते, की भाकरीबरोबर कांदा लागायचाच, विहिरीत पोहायला पहिला, ते मोबाईलवर रेकॉर्ड करून ठेवा, ते कुठल्याच रजिस्टरात नाहीये. आणि नोंदीत बापाचं नाव चुकलं असेल तर कागद जोडून कमिशनला कळवा, दुरुस्ती करता येते.