मायामीहून नेपल्सला जाताय? इंटरस्टेट ७५ टाळा

फ्लोरिडात मायामीहून नेपल्सला जाताना इंटरस्टेट ७५ या द्रुतगती महामार्गापेक्षा वेळ थोडा जास्त लागला तरी चालेल, पण महामार्ग ४१, म्हणजे १९२८ साली खुला झालेला टॅमियामी ट्रेल घ्या. एव्हरग्लेड्सच्या दलदलीतली खरी गंमत याच रस्त्याच्या कडेला आहे.

वाटेतल्या ओचोपी या वस्तीचं पोस्ट ऑफिस अजिबात चुकवू नका. अमेरिकेतलं हे सगळ्यात छोटं टपाल कार्यालय, जेमतेम ७ बाय ८ फुटांचं. मूळची ही टोमॅटोच्या शेतावरची पाइप ठेवायची खोली. १९५३ मध्ये आगीत जुनं पोस्ट जळालं आणि कारभार इथे आला, तो आजही सुरू आहे. इथून घरी पोस्टकार्ड टाका, ओचोपीचा शिक्का मिळतो. रविवारी बंद असतं आणि इतर दिवशीही वेळ मर्यादित, म्हणून दुपारच्या आत पोचा.

जवळच 'स्कंक एप' या दंतकथेतल्या दुर्गंधी वानरमानवाचं 'संशोधन केंद्र' आहे. मुलांना फार आवडतं. याच रस्त्यावरच्या ओअॅसिस पर्यटक केंद्राच्या लाकडी पुलावरून मगरींचे भाऊबंद, अॅलिगेटर, सुरक्षितपणे दिसतात. त्यांना खाऊ घालणं मात्र गुन्हा आहे.

डिसेंबर ते एप्रिलमध्ये जा, डास कमी असतात. निघतानाच टाकी फुल करा.